आकडे वाचण्याआधी दुर्बीण वाचा

आमच्या गटात संशोधनाला नवा विद्यार्थी आला की पहिल्याच महिन्यात त्याला खोडदला पाठवायचं, असा आमचा नियम आहे. आता याची गरज उरलेली नाही, असं मला बरेच जण सांगतात. निरीक्षणाच्या सूचना पुण्यात बसून पाठवता येतात, डेटा संगणकावर येऊन पडतो, तो तपासायची सॉफ्टवेअरही तयार असतात. मग कंट्रोल रूममध्ये रात्र कशाला जागवायची? तरी मी हा नियम सोडलेला नाही. दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू हा माझा विषय. त्यासाठी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही आमची मुख्य रेडिओ दुर्बीण. पण कामाच्या निमित्तानं गिरवली आणि हानलेच्या प्रकाशीय दुर्बिणी, अवकाशातली अ‍ॅस्ट्रोसॅट यांच्याशीही संबंध आला. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. यंत्र कसं चालतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या यंत्रानं दिलेल्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. या मतापर्यंत मी कशी आले, ते सांगते.

१. आधी प्रश्न ठरवा, मग दुर्बीण

विद्यार्थी येतो तो बहुधा दुर्बिणीचं नाव घेऊनच. ‘मला या दुर्बिणीवर काम करायचं आहे.’ मी विचारते, काय शोधायचं आहे? उत्तर यायला कधी कधी काही महिने लागतात, आणि ते महिने वाया गेले असं मला कधीच वाटलेलं नाही.

आमचंच उदाहरण घ्या. हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झवर. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेतून निघालेली लहर आपल्यापर्यंत येताना ताणली जाते. हे ताणणं ज्या आकड्यानं मोजतात ती ताम्रसृती १ असेल तर लहरीची लांबी दुप्पट होते आणि ती ७१० मेगाहर्ट्झच्या आसपास सापडते. ही वारंवारता जीएमआरटीच्या ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसते, म्हणून आम्ही जीएमआरटीकडे जातो. त्याच दीर्घिकेतले तारे मोजायचे तर प्रकाशीय दुर्बीण हवी. तरुण, तप्त ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हवा असेल तर वातावरणाच्या बाहेर जावं लागतं. २०१५ मध्ये इस्रोनं सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर त्यासाठी वेगळी दुर्बीण आहे.

आकाराचं आकर्षणही बाजूला ठेवावं. हानलेला ग्रोथ-इंडिया ही अवघ्या ७० सेंटीमीटरची दुर्बीण आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळूरुची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून ती उभारली. एखादा तारा फुटला, आकाशात कुठे अचानक काही उजळलं की ही लहान दुर्बीण झटकन तिकडे वळते. मोठ्या दुर्बिणीचं वेळापत्रक आधीच भरलेलं असतं. तासाभरात मावळून जाणाऱ्या उजेडासाठी ७० सेंटीमीटरची दुर्बीणच योग्य.

२. दुर्बिणीखाली उभे राहा

जीएमआरटीच्या एकेका अँटेनाचा व्यास ४५ मीटर आहे. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण खाली उभं राहून वर पाहिलं की जे दिसतं ते आकड्यात नसतं: तबकडीतून आकाश आरपार दिसतं! पत्रा नाहीच. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर तारांचे दोर ताणलेले आणि त्या दोरांवर बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. मध्यावर जाळीचे चौकोन एक सेंटीमीटरचे, कडेला दोन सेंटीमीटरचे. दुर्बीण ज्या लहरी पकडते त्या वीस सेंटीमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब, त्यामुळे एवढी भोकं त्यांना जाणवत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तो सलग आरसाच. वारा मात्र जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. त्यांनी १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला, ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या लहान तबकड्या मांडून रेडिओ दुर्बीण उभी केली होती. त्यानंतर उटी झाली, आणि मग खोडद. कमी पैशात मोठं क्षेत्रफळ कसं मिळवायचं, हा प्रश्न या माणसानं आयुष्यभर सोडवला.

अशा अँटेना ३०. चौदा मध्यभागी साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये, आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. संध्याकाळी निरीक्षण सुरू होताना मध्यातल्या साऱ्या अँटेना एकाच वेळी, सावकाश, एकाच दिशेला वळतात. कितीही वेळा पाहिलं तरी मी थांबून पाहते.

मी विद्यार्थ्यांना मध्यातून निघून एखाद्या बाहूच्या शेवटच्या अँटेनापर्यंत जायला सांगते. वाटेत द्राक्षांचे मळे, टोमॅटो, ऊस, वस्त्या, आणि मधेच त्या शेतांच्या डोक्यावर उभी असलेली तबकडी. हा प्रवास केला की ‘बेसलाइन’, म्हणजे दोन अँटेनांमधलं अंतर, काय असतं ते कळतं. ३० अँटेनांच्या जोड्या ४३५ होतात. प्रत्येक जोडी आकाशाची वेगळी माहिती देते: जवळच्या जोड्या पसरलेल्या ढगाचा आकार सांगतात, लांबच्या जोड्या बारीक तपशील. २५ किलोमीटरच्या जोडीमुळे १४२० मेगाहर्ट्झवर सुमारे दोन विकलांपर्यंतचे बारकावे दिसतात. १५० मेगाहर्ट्झवर वीस विकलांपर्यंतच. एखाद्या बाहूवरची अँटेना त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद असेल तर तुमच्या प्रतिमेत नेमकं काय हरवणार आहे, हे तो बाहू पायाखालून गेलेल्या मुलाला सांगावं लागत नाही.

३. जागा हा दुर्बिणीचाच भाग

खोडदच का, असं पाहुणे नेहमी विचारतात. भोवती डोंगर आहेत, शहरांचा रेडिओ गोंगाट ते बऱ्यापैकी अडवतात. पुण्याचे कारखाने आणि शिक्षणसंस्था जवळ आहेत. चुंबकीय विषुववृत्तापासून ही जागा पुरेशी उत्तरेला आहे, त्यामुळे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तुलनेनं शांत असतं. आणि १९ अंश अक्षांशामुळे दक्षिणेचं आकाशही बरंच हाती येतं. आपल्या आकाशगंगेचा मध्य इथून दिसतो, तो युरोपातल्या बऱ्याच दुर्बिणींना क्षितिजालगतच शोधावा लागतो.

जागेचा असा विचार पाहायचा असेल तर उटीला जावं. १९७० मध्ये पूर्ण झालेली तिथली दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. उटीचा अक्षांश ११ अंश. स्वरूप यांनी दक्षिणोत्तर उतार नेमका ११ अंशांचा असलेला डोंगर शोधला आणि दुर्बीण त्या उतारावर बसवली. त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला, आणि एकाच अक्षाभोवती फिरवून ती तासन्‌तास एका स्रोताच्या मागे राहू शकते. इतकी गुंतागुंत एका डोंगरानं वाचवली.

प्रकाशीय दुर्बिणीचं गणित वेगळं. हानले लडाखमध्ये ४५०० मीटर उंचीवर आहे: हवा विरळ, कोरडी, रात्र काळीकुट्ट. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरुजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवलीची दुर्बीणही दोन मीटरचीच, २००६ पासूनची. पण ती सह्याद्रीच्या कुशीत, हजार मीटरच्या आसपास. पावसाळ्यात तिला विश्रांती घ्यावी लागते. म्हणून गिरवली कमी प्रतीची ठरत नाही. पुण्याहून सकाळी निघून दुपारी पोचता येईल अशा अंतरावर दोन मीटरची दुर्बीण असणं, विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं वर्णपट घेता येणं, याची किंमत शिकवणाऱ्याला कळते.

४. वेळ मागण्याचा अर्ज नीट लिहा

दुर्बीण कुणाच्या मालकीची नसते. जीएमआरटी २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली आहे. वर्षातून दोनदा अर्ज मागवले जातात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन हंगामांसाठी. एक समिती ते तपासते आणि मागितलेले तास उपलब्ध तासांपेक्षा नेहमीच जास्त असतात. पुण्यात राहतो म्हणून आमच्या गटाला सवलत नाही, आणि ती नसावी.

अर्ज लिहिताना विज्ञानाचा भाग सगळे मन लावून लिहितात. मी आधी दुसरं पान वाचते: किती तास, कोणता पट्टा, अपेक्षित संकेत किती क्षीण, आणि तेवढ्या तासांत तो गोंगाटातून वर येईल हे कशावरून? आठ तासांत होणाऱ्या कामाला वीस तास मागणं हा दुसऱ्या कुणाचे बारा तास घेण्याचा प्रकार आहे. आणि वीस लागणार असताना आठ मागितले तर ते आठही गेले.

५. ओळखीच्या स्रोतापासून सुरुवात

निरीक्षणाची पहिली पंधरा-वीस मिनिटं आम्ही आमच्या दीर्घिकेकडे पाहतच नाही. ३सी ४८, ३सी १४७, ३सी २८६ यांपैकी जो आकाशात वर असेल त्याच्याकडे दुर्बीण वळवतो. या क्वेसारांचं तेज प्रत्येक वारंवारतेवर किती, हे नीट माहीत आहे. तराजूत धान्य घालण्याआधी शिक्क्याचं वजन टाकून पाहावं, तसं हे काम. मग दीर्घिका, आणि दर अर्ध्या-पाऊण तासानं पाच मिनिटं जवळच्या एखाद्या ठिपक्यासारख्या स्रोताकडे पुन्हा फेरी, कारण आयनांबर आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही रात्रभर बदलत राहतात.

घाईत असलेल्या विद्यार्थ्याला हा वेळ ‘फुकट’ वाटतो. माझ्या मते रात्रीतला सर्वांत मोलाचा वेळ हाच. दीर्घिकेवर पाच तास कमी पडले तर पुढच्या हंगामात मागता येतात. ओळखीचा स्रोत नीट नोंदला गेला नसेल तर हातातले सगळे तास अर्थहीन होतात.

६. माणसाचा गोंगाट

या विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या डोळ्यांदेखत हा गोंगाट वाढला आहे.

आकाशातून येणारा रेडिओ संकेत इतका क्षीण असतो की त्याच्या एककात, जान्स्कीत, दशांशचिन्हानंतर सव्वीस जागा लागतात. तुमच्या खिशातला मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला, तर खोडदच्या अँटेनांना तो आकाशातल्या तेजस्वी रेडिओ स्रोतांपैकी एक म्हणून दिसेल. आता तो मोबाइल अँटेनापासून शंभर मीटरवर आहे असं समजा.

पण दोष एकट्या मोबाइलचा नाही. विजेच्या तारांवर सैल जोड असेल, इन्सुलेटरवर धूळ बसली असेल, तर तिथे ठिणग्या उडतात आणि त्या ठिणग्या सगळ्या वारंवारतांवर ओरडतात. स्वस्त बनावटीचे दिवे, मोटारींचे सुटे भाग, टीव्हीचे बूस्टर, आणि डोक्यावरून जाणारे उपग्रह. डोंगर आडवे येतात ते जमिनीवरच्या गोंगाटाला. उपग्रहाला कसले डोंगर? पडद्यावर वेळ आणि वारंवारतेचा आलेख उघडला की हे सगळं उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या रूपात दिसतं. विद्यार्थ्याचं पहिलं काम ते पट्टे ओळखून वगळण्याचं. आता हे काम बरंचसं प्रोग्रॅम करतात, तरीही पहिला डेटा प्रत्येकानं डोळ्यांनी तपासावा असा माझा आग्रह असतो. कोणता पट्टा मोबाइलच्या मनोऱ्याचा, कोणता उपग्रहाचा, कोणता शेतातल्या तारेवरच्या ठिणगीचा, हे ओळखता आलं की मग एखादा अनोळखी पट्टा आकाशातला असू शकतो हे समजतं. पल्सार या लयीत ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे स्पंद असेच सापडतात.

दुर्बिणीच्या परिसरात राहणाऱ्यांनी यात मोठं सहकार्य दिलं आहे. कोणते उद्योग कुठे उभे राहावेत, मनोरे कुठे बसवावेत यावर तिथे बंधनं आहेत, आणि त्यांचा भार शेवटी त्या गावांवरच पडतो. म्हणून आमच्या कामाची फळं त्या गावांतल्या शाळांपर्यंत पोचवणं हे आमचं देणं आहे असं मी मानते. प्रकाशीय दुर्बिणींची लढाई दिव्यांशी आहे. गिरवलीच्या क्षितिजावर पुण्या-चाकणच्या बाजूचा उजेड चढत चालला आहे. हानलेच्या आसपास अंधाराचं राखीव क्षेत्र जाहीर झालं, ग्रामस्थांनी दिव्यांवर टोप्या बसवल्या, तिथलेच तरुण-तरुणी पर्यटकांना आकाश दाखवून कमावू लागले. हे सह्याद्रीतही करता येण्यासारखं आहे.

७. आकाशाचं घड्याळ वेगळं

तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. डिसेंबरात रात्री मिळणारा स्रोत जूनमध्ये भर दुपारी डोक्यावर येतो. रेडिओ दुर्बिणीला दिवसाचं आणि ढगांचं वावडं नाही, त्यामुळे आषाढातल्या पावसातही खोडदला काम चालतं. फक्त वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की सगळ्या अँटेना सरळ वर तोंड करून थांबवतात आणि वाट पाहावी लागते. सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या सुमारास आयनांबर अस्वस्थ असतं. कमी वारंवारतेचं काम असेल तर त्या वेळा टाळा.

८. कंट्रोल रूममधल्या माणसांना विचारा

मी जीएमआरटीबद्दल जे शिकले त्यातलं निम्मं पुस्तकांतून आलं, आणि उरलेलं पाळीवर असलेल्या ऑपरेटरांकडून. अमुक अँटेनाचा रिसीव्हर थंडीत कसा वागतो, तमुक बाहूवर संध्याकाळी कोणत्या वेळी गोंगाट वाढतो, आलेखातली एक रेघ जरा थरथरते आहे म्हणजे फीड फिरवणाऱ्या मोटरकडे पाहायला हवं, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळतं. यांतले अनेकजण डिप्लोमा किंवा विज्ञानाची पदवी घेऊन याच जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातून आलेले. शोधनिबंधात त्यांचा उल्लेख शेवटी आभाराच्या एका ओळीत येतो. ती ओळ मी कधी गाळू देत नाही.

१९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संकेत पृथ्वीवरून थेट ऐकण्याचं काम खोडदच्या अँटेनांनी केलं, आणि उतरता उतरता तो संकेत थांबल्याचंही इथेच कळलं. त्या रात्रीसाठी यंत्रं सज्ज ठेवणारी माणसं हीच.

९. एका रात्रीत काही सापडत नाही

दूरच्या एकट्या दीर्घिकेचा हायड्रोजन दिसणं जवळजवळ अशक्य. मग काय करायचं? २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या गटानं ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले. एकेकीचा संकेत गोंगाटात बुडालेला. सगळ्यांची सरासरी घेतल्यावर तो वर आला, आणि आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये किती हायड्रोजन होता ते पहिल्यांदा मोजता आलं. २०२३ च्या सुरुवातीला दुसऱ्या गटानं निसर्गाचीच मदत घेतली: ताम्रसृती १.२९ असलेल्या एका दीर्घिकेचा संकेत वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे तीसपट मोठा झाला होता, तो त्यांनी जीएमआरटीवर टिपला. त्याच वर्षी जूनमध्ये पल्सारांच्या ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगभरातल्या गटांनी मांडले. त्यात भारत-जपानच्या गटाचा, म्हणजे जीएमआरटीवर वर्षानुवर्षं नेमानं घेतलेल्या नोंदींचा वाटा होता.

या तिन्ही कामांत डेटा जपून ठेवण्याला महत्त्व आहे. जीएमआरटीचा डेटा ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुला होतो. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, कुठल्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तो मागता येतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, चिकाटी लागते. मात्र आधी एकदा ती दुर्बीण पाहून या.

१०. दुर्बीण चालती ठेवावी लागते

पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी एक उत्तम वेधशाळा होती हे पुणेकरांनाही फारसं माहीत नाही. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती १८८८ पासून चालवली. वीस इंच व्यासाची दुर्बीण तिथे होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. उपकरणं कोडाईकॅनॉलला गेली. पुढे चालवणारा कुणी तयार केलेला नव्हता.

जीएमआरटीचं तसं झालं नाही, कारण तिच्याभोवती माणसांच्या पिढ्या तयार केल्या गेल्या. पहिल्या रचनेत एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहता येत असे. नव्या रिसीव्हरांनी आणि इलेक्ट्रॉनिक्सनी तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेला. तबकड्या त्याच, दृष्टी कितीतरी तीक्ष्ण. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. तिला भौतिकशास्त्रज्ञ लागतील, त्याहून जास्त संख्येनं निर्वात यंत्रणा सांभाळणारे, लेसर जुळवणारे, संगणक चालवणारे लागतील. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी ही मुलं आजपासून घडवायला घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि पालकांना एक सांगणं. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, खोडदला लोकांसाठी प्रदर्शन भरतं. पुण्याहून अंतर ऐंशी किलोमीटर आहे. मुलांना घेऊन जा, आणि अँटेनांजवळ जाण्याआधी मोबाइल बंद करा.